समोरच्याच्या वहीतील नोंद

आषाढातील मेघ रामटेकच्या गडावर उतरू लागले, की विदर्भातील रसिकांना कालिदासाचे स्मरण होते. ‘मेघदूता’तील शापित यक्ष ज्या रामगिरीवर राहिला, तो रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले आणि विदर्भाने ते मनापासून स्वीकारले. यक्षाने अलकानगरीतील पत्नीला मेघाकरवी निरोप धाडला. वाटेतील नद्या, नगरे, पर्वत यांच्या खुणाही सांगितल्या. परंतु व्यवहारी मनुष्याच्या मनात एक प्रश्न उरतोच. निरोप पोहोचला का? काव्यात त्याची पोच नाही, आणि काव्याला तिची आवश्यकताही नसते. पेढीला मात्र असते. माल रवाना झाला एवढ्याने व्यवहार पुरा होत नाही. समोरच्या पेढीने पोच दिली, आपल्या वहीत तो जमा करून घेतला, म्हणजे मग तो पुरा होतो.

नेमक्या याच कसोटीवर उभा असलेला एक छंद जगभर जोपासला जातो. त्याला हौशी रेडिओ किंवा हॅम रेडिओ म्हणतात. त्यातही व्ही.एच.एफ. नावाच्या पट्ट्यांवर वर्षभरात ज्या स्पर्धा होतात, त्यांचे नियम वाचताना व्यापारी घराण्यातील वाचकाला आपल्याच रोजमेळाची आणि खतावणीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

हौशी रेडिओ म्हणजे परवाना घेऊन स्वतःच्या बिनतारी संचावरून दुसऱ्या परवानाधारकाशी केलेला संवाद. भारतात १९२१ साली कोलकात्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी या छंदाचा पाया घातला. आज केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा बिनतारी नियोजन कक्ष परीक्षा घेऊन परवाना देतो. प्रत्येक परवानाधारकाला जगात दुसऱ्या कोणाचेही नसलेले संकेतनाम मिळते. भारतीय संकेतनामे प्रायः ‘व्ही-यू’ या अक्षरांनी सुरू होतात. या छंदाची एक अट आपल्या वाचकांस विशेष वाटेल. या संचावरून धंद्याचा एक शब्दही बोलता येत नाही. तुरीचा भाव विचारता येत नाही, संत्र्याची गाडी निघाली का हे पुसता येत नाही, आणि दुसऱ्याचा निरोप पोहोचविल्याबद्दल पैसाही घेता येत नाही. अर्थप्राप्ती पूर्णपणे वर्ज्य असलेले हे क्षेत्र आहे.

रेडिओलहरींचे अनेक पट्टे हौशी मंडळींना दिलेले आहेत. लघुलहरींच्या पट्ट्यांवरील संदेश वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन सातासमुद्रापार जातात. व्ही.एच.एफ.चे तसे नाही. भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा त्याचा प्रमुख पट्टा. त्यातील लहरीची लांबी सुमारे दोन मीटर असल्याने त्यास ‘दोन मीटरचा पट्टा’ असेही म्हणतात. ही लहर साधारणतः सरळ रेषेत जाते आणि क्षितिजाच्या थोडी पलीकडे जाऊन विरते. म्हणून येथे संचाच्या शक्तीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व जागेच्या उंचीला असते. त्याचा हिशेब सोपा आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्यास ४.१२ ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे रेडिओचे क्षितिज, किलोमीटरमध्ये. घराच्या गच्चीवर १० मीटर उंचीवरील अँटेनाचे क्षितिज १३ किलोमीटर भरते. सभोवतालच्या मैदानापेक्षा १०० मीटर उंच टेकडीवर तेच ४१ किलोमीटर होते. पूर्वी दूरदर्शनसाठी घरोघरी जी दांड्यादांड्यांची अँटेना छपरावर दिसे, तिच्याच जातीची अँटेना लावून ती इच्छित दिशेला वळविली, की क्षितिजापलीकडची केंद्रेही क्षीण आवाजात ऐकू येऊ लागतात.

शिवाय निसर्ग अधूनमधून अनपेक्षित देणगी देतो. हिवाळ्यातील निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वरची हवा तुलनेने उबदार राहते. अशा वेळी लहर वरच्या थरात न हरवता खाली वाकते आणि कित्येक शे किलोमीटर वाट चालते. उन्हाळ्यात सुमारे १०० किलोमीटर उंचीवर आयनांचे दाट ढग अवचित तयार होतात. त्यांच्यावर आदळून ५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावरील संदेश दोन हजार किलोमीटरपर्यंत जातो. ऑगस्टमधील उल्कावर्षावात तर जळत्या उल्केच्या क्षणभंगुर रेषेवरूनही लोक संदेश परावर्तित करतात. कालिदासाने एक मेघ दूत केला. या मंडळींना आकाशातील किती तरी दूत साहाय्य करतात.

या निसर्गाच्या लयीवरच स्पर्धांचा हंगाम बेतलेला आहे. अमेरिकेतील हौशी रेडिओ संघटना जानेवारी, जून व सप्टेंबर या तीन महिन्यांत व्ही.एच.एफ. स्पर्धा घेते. जुलैमधील एका शनिवार-रविवारी सर्व जगाला खुली असलेली स्पर्धा होते. युरोपात सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी चोवीस तासांची स्पर्धा असते आणि तेथे गुण किलोमीटरवर मिळतात: जितके किलोमीटर दूरचे केंद्र गाठले, तितके गुण. इतर बहुतेक स्पर्धांत मात्र पृथ्वीचे चौकोन मोजले जातात.

ही चौकोनांची पद्धत १९८० साली इंग्लंडमधील मेडनहेड गावी भरलेल्या बैठकीत ठरली. रेखांशाच्या दोन अंशांचा आणि अक्षांशाच्या एका अंशाचा एक चौकोन, आणि त्याला दोन अक्षरे व दोन आकडे. या हिशेबाने रामटेकचा चौकोन एम-एल-९१. आपल्या अक्षांशावर त्याची लांबी सुमारे २०७ किलोमीटर आणि रुंदी सुमारे १११ किलोमीटर येते. नागपूर आणि भंडारा याच चौकोनात मोडतात. वर्धा मात्र एम-एल-९० मध्ये, अमरावती एम-एल-८० मध्ये, सिवनी व छिंदवाडा एम-एल-९२ मध्ये. गोंदिया ८० अंश रेखांशाच्या पूर्वेला असल्याने तेथे अक्षरच बदलते. तो चौकोन एन-एल-०१. रामटेकपासून सरळ रेषेत सिवनी सुमारे ८० किलोमीटर, गोंदिया ९०, वर्धा १०० हून थोडे अधिक आणि अमरावती सुमारे १७० किलोमीटर. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या या टेकड्यांना इतके चौकोन आवाक्यात यावेत, हे या खेळाच्या दृष्टीने भाग्यच होय.

जुलैच्या स्पर्धेत खास टेकडीवरून भाग घेणाऱ्यांसाठी एक वर्ग आहे. एकट्याने, सोबत नेता येईल अशा संचावर, जास्तीत जास्त दहा वॅट शक्तीने आणि सलग सहा तासांपर्यंत खेळायचे. दहा वॅट म्हणजे घरातील एका साध्या एल.ई.डी. दिव्याइतकी वीज. स्पर्धा एकूण सत्तावीस तासांची. भारतीय वेळेप्रमाणे ती शनिवारी रात्री साडेअकराला सुरू होऊन सोमवारी पहाटे अडीचला संपते. टेकडीवरील स्पर्धकाने रविवारी सकाळी सहा ते दुपारी बारा एवढाच वेळ घेतला तरी चालते.

समजा, रामटेक परिसरातील एका टेकडीवर, आवश्यक त्या परवानग्या घेऊन, एखादा तरुण त्या सकाळी बसला आहे. सोबत बॅटरी, लहानसा संच, हाताने वळविता येणारी अँटेना आणि नोंदवही. खाली खिंडसीचे पाणी आहे, दूर शांतिनाथांच्या मंदिराची शिखरे आहेत. तो आपले संकेतनाम उच्चारतो आणि ऐकत राहतो. या खेळात बोलणे थोडे आणि ऐकणे फार. समोरून क्षीण उत्तर आले, की दोघांनी परस्परांचे संकेतनाम आणि चौकोन यांची देवाणघेवाण करायची. अक्षरे चुकू नयेत म्हणून ‘क कमळाचा’ या धर्तीवर ‘एम माइकचा, एल लिमाचा’ अशी फोड करून सांगायची. दोघांनीही ‘मिळाले’ असे कळविले, म्हणजे संपर्क पुरा. एका बाजूने पोच आली नाही, तर कितीही स्पष्ट ऐकले असले तरी तो संपर्क धरता येत नाही.

सहा तासांत त्याने दोन मीटरच्या पट्ट्यावर आठ संपर्क केले असे धरू. या पट्ट्यावरील प्रत्येक संपर्काला २ गुण, म्हणजे १६. त्यात पाच वेगवेगळे चौकोन आले. चौकोनांची संख्या हा गुणक. १६ गुणिले ५, एकूण ८०. आता समजा, गोंदियाकडचा एकच संपर्क झाला होता आणि घाईत त्याच्या संकेतनामातील एक अक्षर चुकीचे लिहिले गेले. तो संपर्क बाद झाला, म्हणजे २ गुण गेले. पण त्याबरोबर एन-एल-०१ हा चौकोनही गेला. उरले १४ गुणिले ४, म्हणजे ५६. एका अक्षराच्या चुकीने ऐंशीतील चोवीस, तीन दशांश कमाई बुडाली. आकडा वाचताना तीनचा आठ झाला की सबंध मेळ कसा विस्कटतो, हे ज्यांनी दिवाळीच्या आधी रात्र रात्र वह्या जुळविल्या आहेत त्यांना सांगावे लागत नाही.

चूक उघडकीस येते ती अशी. स्पर्धा संपल्यावर ठरलेल्या मुदतीत प्रत्येकाने आपली नोंदवही आयोजकांकडे पाठवायची असते. नोंदी सर्वांच्या एकाच जागतिक वेळेत. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून लिहिलेल्या. आयोजक सर्व वह्या संगणकात घालतात आणि प्रत्येक नोंद समोरच्याच्या वहीशी ताडून पाहतात. रामटेकच्या वहीत गोंदियाचा संपर्क आहे. गोंदियाच्या वहीत रामटेकचा आहे का? संकेतनाम तेच आहे का? चौकोन तोच आहे का? वेळ जवळपास जुळते का? सारे जुळले तर गुण कायम. समोरच्याच्या वहीत नोंदच नसेल तर संपर्क बाद. स्पर्धक कितीही प्रामाणिक असो, त्याने कितीही शपथा घेवोत, त्याच्या एकट्याच्या वहीवर काही मिळत नाही. अनेक स्पर्धांच्या तपासलेल्या वह्या पुढे सर्वांना पाहण्यासाठी खुल्या केल्या जातात.

आपल्या पूर्वजांची पत याच पायावर उभी होती. दोन गावांच्या दोन पेढ्या वर्षातून एकदा आपापले खातेउतारे समोरासमोर ठेवीत. एकाच्या नावे जे, तेच दुसऱ्याच्या जमा असले पाहिजे. फरक निघाला तर आवाज न चढविता नोंदी उलगडल्या जात आणि ज्याची चूक त्याने ती आपल्या हाताने दुरुस्त करावी असा रिवाज होता. आज संगणक बेरीज चुकू देत नाही. पण समोरच्याची वही पाहण्याची ती सवय मात्र अनेक घरांतून सुटली. आपल्या पडद्यावरील आकडा तोच खरा, असे मानणारी पिढी घडते आहे.

‘तत्त्वार्थसूत्रा’च्या सातव्या अध्यायात गृहस्थाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ येते: खोटा लेख लिहिणे, खोटी नोंद करणे. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’ येते: मापे-तोले कमीअधिक ठेवणे. व्यापाऱ्याच्या नित्य व्यवहारातील मोहाच्या जागा आचार्यांनी किती अचूक हेरल्या आहेत, हे पाहून विस्मय वाटतो.

या दोन्ही जागा या खेळातही आहेत, आणि त्यांच्यातील भेद विचार करण्याजोगा आहे. खोटी नोंद पकडली जाते, कारण तिची साक्ष समोरच्याच्या वहीत असते. परंतु दहा वॅटच्या वर्गात नाव नोंदवून कोणी शंभर वॅटचा संच लावला, तर ते कोण पाहणार? त्याचे संपर्क खरे, त्याच्या नोंदी खऱ्या, समोरच्याच्या वहीशी सारे जुळणारे. फक्त माप खोटे. टेकडीवर तो एकटाच असतो. वही सादर करताना त्याने आपली शक्ती किती होती ते स्वतः लिहावयाचे असते आणि नियम पाळल्याचे वचन द्यावयाचे असते. त्याच्यावर विश्वास ठेवला जातो, एवढीच त्यामागची व्यवस्था. या स्पर्धांत धनाचे बक्षीस नसते. मिळते ते प्रशस्तिपत्र, फार तर एखादे सन्मानचिन्ह. एवढ्याशा लाभासाठी माप खोटे करण्याचा मोह होत नाही असे नाही. लाभ लहान असतानाही ज्याने तो आवरला, त्याच्या हाती मोठा तराजू निर्धास्तपणे देता येतो. घरातील मुलास गादीवर बसविण्यापूर्वी वडीलधारी मंडळी किरकोळ रोकड त्याच्या हाती देऊन पाहत, त्यामागे हाच विचार असे.

रामटेकच्या शांतिनाथ अतिशयक्षेत्री आचार्य विद्यासागर महाराजांचे एकाहून अधिक चातुर्मास झाले. चातुर्मासात मुनी एका ठिकाणी स्थिर राहतात आणि भाषासमितीचे पालन करून मोजके, हितकर व निःसंदिग्ध बोलतात. गृहस्थाला ते पूर्णांशाने साधत नाही. तथापि सहा तास एका जागी बसून, पन्नास वेळा ऐकून एकदा बोलणे आणि जे बोलावे त्यातील प्रत्येक अक्षर खरे असणे, हा लहानसा अभ्यास खेळाच्या निमित्ताने का होईना, घडत असेल तर तो उपेक्षणीय नाही.

या अभ्यासाचा उपयोग खेळापुरता राहत नाही, याचे उदाहरण आपल्या देशात घडले आहे. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली एक पथक पोर्ट ब्लेअर येथे गेले होते. अंदमानातून हौशी केंद्र दीर्घकाळ बोललेले नव्हते. तेथून जगभरातील केंद्रांशी जास्तीत जास्त संपर्क साधावेत, हा त्यांचा हेतू. २६ डिसेंबरच्या पहाटे भूकंप झाला आणि पाठोपाठ त्सुनामी आली. दूरध्वनी कोलमडले. तेव्हा छंदासाठी नेलेले तेच संच मदतकार्याला जुंपले गेले आणि बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीवरील त्यांच्या आप्तांपर्यंत पोहोचू लागली. अशा प्रसंगी एका नावातील एका अक्षराची चूक म्हणजे एका घराला खोटा दिलासा किंवा खोटा शोक. संकेतनाम पुन्हा विचारून, अक्षर न् अक्षर पडताळून, पोच घेतल्यावरच लिहिण्याची ज्यांची सवय स्पर्धांमधून मुरलेली असते, त्यांच्याच हाती अशी यादी सोपवावी.

व्ही.एच.एफ. पट्ट्यावर भारताने आणखीही काही दिले आहे. ५ मे २००५ रोजी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने ‘हॅमसॅट’ हा हौशी रेडिओसाठीचा उपग्रह सोडला. पृथ्वीवरून ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास आलेला आवाज तो १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास परत पाठवी, आणि जगभरातील हौशी मंडळी सुमारे नऊ वर्षे त्याचा विनामूल्य लाभ घेत होती. २२ जून २०१६ रोजी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडविलेला सुमारे एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह अवकाशात गेला. त्याचाही हेतू हौशी रेडिओचे संदेश पोहोचविणे हाच होता. जुलै २०२५ मध्ये अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांनी अंतराळ स्थानकातून हॅम रेडिओवरून भारतीय विद्यार्थ्यांशी संवाद साधला.

इतके असूनही व्ही.एच.एफ. स्पर्धांचा भरगच्च हंगाम आपल्याकडे अद्याप रुजलेला नाही. अमेरिकेत सात लाखांहून अधिक परवानाधारक आहेत; तेथे चौकोनाशेजारी चौकोन बोलत असतो. या खेळात एकट्याची श्रीमंती कामाची नाही. रामटेकला कितीही उत्तम संच असला, तरी गोंदियाला, सिवनीला, वर्ध्याला कोणी ऐकणारा नसेल तर वही कोरीच राहणार. बाजारपेठेचेही असेच असते. एकच दुकान असलेल्या पेठेत कोणी फिरकत नाही.

आपल्या समाजाची घरे नागपूरपासून गोंदियापर्यंत, वर्ध्यापासून अमरावतीपर्यंत आणि सीमेपलीकडे सिवनी-छिंदवाड्यापर्यंत पसरलेली आहेत. ज्या गावी पेढी, त्या गावी आपला मनुष्य. बारा वर्षांवरील मुलाला वा मुलीला परीक्षा देऊन परवाना मिळविता येतो. सुट्टीत मामाच्या गावी गेलेल्या भाच्याने तेथील चौकोन जागा करावा आणि घरी राहिलेल्या भावंडाने तो गाठावा, यात शिक्षणही आहे आणि आपुलकीही. सायंकाळी दोघांच्या वह्या समोरासमोर ठेवून ताळा पाहण्याचे काम आजोबांकडे द्यावे. ते त्यांच्या हातचे आहे.

पुढच्या आषाढात रामटेकवर मेघ पुन्हा येतील. यक्षाच्या निरोपाची पोच तेव्हाही मिळणार नाही. परंतु एम-एल-९१ मधून निघालेल्या एका हाकेला एन-एल-०१ मधून कोणी उत्तर दिले, दोघांनीही ती नोंद आपापल्या वहीत अचूक लिहिली आणि वॅटचा आकडाही खरा लिहिला, तर त्या रविवारच्या सकाळी दोन मुलांनी दोन अणुव्रते हाताळून पाहिली असे म्हणता येईल.